हातानाकांच्या फाटकावरची पाइन

१

एक जानेवारीला सकाळी नऊच्या आत आमच्या ‘उतात्सु दैनिका’च्या कचेरीत त्रेसष्ट फोन आले. तक्रार सगळ्यांची एकच होती. हातानाकांच्या फाटकाला पाइन नाही.

हातानाका म्हणजे आमच्या शेवटच्या पानावरचं बिऱ्हाड. नवरा, बायको आणि एक मांजर. रोज चार चौकटींची चित्रमालिका, एकतीस वर्षं. चित्रकार त्सुजिमुरा, आमचे सेन्सेई म्हणजे गुरुजी, यांनी ते काढायला घेतलं आणि कानाझावातली माणसं पेपर मागून उघडायला लागली. दर नव्या वर्षाला पहिल्या चौकटीत हातानाकांचं फाटक असायचं, दोन्ही खांबांना पाइनच्या फांद्या बांधलेल्या, आणि हातानाका शेजाऱ्याला वाकून म्हणायचे, ‘नव्या वर्षाच्या शुभेच्छा.’ इतक्या वर्षांत फार तर मांजराची जागा बदलली असेल. यंदा फाटक उघडंबोडकं होतं, आणि हातानाका नुसतेच म्हणत होते, ‘यंदाही लोभ असू द्या.’

मी निशिगुची, मुद्रितशोधक. त्या पानाच्या प्रुफावर माझा शिक्का होता. पान मी दोनदा वाचलं होतं, आणि मला काहीच चुकीचं दिसलं नव्हतं.

तीन तारखेला संपादक बांदोंनी मला बोलावलं. टेबलावर मूळ चित्राचं पाकीट होतं.

"डोळे घरी विसरून आला होतात का?" ते म्हणाले.

"नाही."

"मग? वाचकांना दिसलं. माझ्या सासूला दिसलं, तिला मोतीबिंदू आहे. तुम्हाला नाही दिसलं?"

जूनमध्ये माझी बायको, सुमि, गेली. तेव्हापासून मला लोकांचं बोलणं नीट ऐकू येतं, पण ते माझ्याशी चाललंय असं वाटत नाही. सकाळी मी अजून दोन वाडग्यांत भात वाढतो. दुसऱ्यातला संध्याकाळी गरम करून खातो. मला त्याचं वाईटही वाटत नाही. काहीच वाटत नाही, हे मी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, वेळ लागतो.

"मालक भडकलेत," बांदो म्हणाले. "मला वाटतं हे त्या कुसुमोतोचं काम आहे. सेन्सेईंच्या हाताखाली बारा वर्षं खांब न् झाडं काढतोय. त्याची स्वतःची मालिका मी तीनदा परत पाठवली. त्याचा हा सूड. तो निघाला तर त्याला काढायचं. आणि सेन्सेईंचंच डोकं फिरलं असेल तर या महिन्यात हातानाका बंद. शुक्रवारपर्यंत मला नाव पाहिजे. चूक तुम्ही सोडलीत, तुम्हीच शोधा."

मी पाकीट घेतलं. दारापर्यंत गेल्यावर ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आणि निशिगुची, हातानाका बंद करायची वेळ माझ्यावर आणू नका. एकतीस वर्षं मी पण मागूनच पेपर उघडतो."

२

कुसुमोतोचं घर नदीपलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. त्यानं मला बसवलं, भाजलेल्या मोचीचं, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्यांचं, सूप पुढे ठेवलं आणि स्वतःच विषय काढला.

"बांदोसाहेबांनी माझं नाव घेतलं ना? घेणारच. राग आहे मला, खोटं कशाला बोलू? पण राग काढायचा तर मी हातानाकांना मिशा काढल्या असत्या. पाइन पुसून काय मिळणार?"

"म्हणजे पुसलीय?"

त्यानं चित्र माझ्या हातून घेतलं आणि खिडकीवर धरलं. बाहेर बर्फाचा उजेड होता. खांबांवर पांढऱ्या रंगाचा जाड थर दिसला, आणि थराखाली पाइन. सुई न् सुई काढलेली. फाटकावरच्या मंगल दोरखंडावरही तसाच थर. आतल्या ओट्यावर सणासाठी मांडलेल्या गोल मोचीवरही.

"हे माझं काम," तो म्हणाला. "वीस डिसेंबरला मी सेन्सेईंच्या घरी देऊन आलो, तेव्हा सगळं जागेवर होतं. त्यानंतर कोणी तरी झाकलं."

"पांढरा रंग तुमच्याकडेही असेल."

"आहे की. हा बघा, बर्फासाठी." त्यानं बाटली पुढे सरकवली. "पण शब्द बघा ना. शब्द सगळ्यात शेवटी येतात, चित्र माझ्याकडून परत गेल्यावर. ‘शुभेच्छा’ मी कशा गाळणार? ज्यानं शब्द बदलले त्यानंच पाइन झाकली."

"मग सेन्सेईंनीच."

कुसुमोतो हसला. "निशिगुचीसान, सेन्सेई पूर्वी सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. तिथं एकावर एक रंग थापून थापून त्यांना त्याचा वीट आला होता. चूक झाली की ते कागदाचा तुकडा कापायचे, वर चिकटवायचे आणि नव्यानं काढायचे. पांढरी बाटली त्यांनी घरात ठेवू दिली नाही. मी एकदा नेली तर खिडकीतून बाहेर फेकली. खाली भाजीवाली होती."

"भाजीवालीला लागली?"

"तिला नाही. मुळ्यांना लागली. मुळे मला विकत घ्यावे लागले."

मी सूप संपवलं. चव लागली नाही, पण गरम होतं. सेन्सेई शेवटचे कधी भेटले, असं विचारल्यावर त्यानं बाटली जवळ ओढली.

"सप्टेंबर संपता संपता. कंबर धरली होती. काठीशिवाय संडासलासुद्धा जात नव्हते. नंतर वहिनी म्हणाल्या, यामानाकाला गरम झऱ्यांवर पाठवलंय, तिथूनच काढून पाठवतात. तेव्हापासून चित्र देणं-घेणं वहिनींच्या हातानं. मी विचारलं नाही. मला दोन पोरी आहेत, निशिगुचीसान. मी फार विचारत नाही." मग तो बाटलीचं बूच घट्ट लावत म्हणाला, "पण एक सांगतो. ऑक्टोबरपासूनचे अंक काढा आणि हातानाकांकडे बघा. बायकोकडे नाही, मांजराकडे नाही. त्यांच्याकडे."

३

अंक काढण्याआधी मी सेन्सेईंच्या घरी गेलो. त्यांच्या फाटकापाशी मला थबकावं लागलं.

फाटकाला पाइन होती. दोन्ही खांबांना, ताजी, बाजारातून आणलेली, कागदी पट्ट्यांसकट. वर मंगल दोरखंड. गल्लीतल्या सगळ्या घरांसारखं यांचं घर सजलं होतं.

सेन्सेईंच्या पत्नी तोमिएवहिनींनी दार उघडलं. वीस वर्षांपूर्वी मी या दारात चित्रांची पाकिटं न्यायला यायचो, तेव्हा मी साधा निरोप्या होतो. त्यांनी मला बघितलं आणि ‘शुभेच्छा’ म्हटलं नाही. माझ्या घरी सुतक आहे, आणि आमच्याकडे ते वर्षभर पाळतात, हे त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "थंडी फार आहे. आत या."

बूट काढताना मी छत्र्यांच्या डब्याकडे पाहिलं. दोन छत्र्या होत्या, आणि काळ्या मुठीची एक काठी.

"सेन्सेई कसे आहेत?"

"झऱ्याच्या पाण्यानं बरं वाटतंय म्हणतात." त्या चहा ओतत होत्या. हात अजिबात हलत नव्हता. "फोनवर येत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. फोन म्हणजे त्यांना दातदुखी."

"पहिल्या तारखेच्या चित्राबद्दल कचेरीत गडबड झालीय."

"कळलं मला. समोरच्या बाई येऊन सांगून गेल्या."

"बांदोसाहेबांना वाटतं कुसुमोतोनं केलं. शुक्रवारी त्याला काढणार."

तेव्हा चहा पहिल्यांदा बशीत सांडला. त्यांनी तो पुसला, फडक्याची घडी केली, ती उलगडली आणि पुन्हा केली.

"कुसुमोतोनं काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग कोणी?"

"वय झालं की विसरतं माणूस. सेन्सेई विसरले असतील."

"सेन्सेई विसरले असं मी लिहून दिलं तर हातानाका बंद होतील."

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. आत दिवाणखान्याचं सरकतं दार बंद होतं. पूर्वी ते कधी बंद नसायचं, कारण सेन्सेई तिथंच बसून काढायचे आणि आल्यागेल्याला आतून ओरडून शिव्या द्यायचे.

"शुक्रवार म्हणजे परवा," त्या म्हणाल्या. मी उठलो. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या, आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. कंबरेमुळे काठीशिवाय संडासलाही न जाणारा माणूस काठी घरी ठेवून यामानाकाला कसा गेला?

४

कचेरीच्या तळघरात जुने अंक आहेत. मी सप्टेंबरपासून सुरुवात केली.

सप्टेंबरात हातानाका हसत होते, नाक फुगवत होते, कलिंगडाच्या बिया थुंकत होते. त्यांचं तोंड म्हणजे सेन्सेईंचंच तोंड, चपटं नाक आणि एक भुवई वर. हे गावाला ठाऊक होतं. अकरा ऑक्टोबरपर्यंत तसंच चाललं होतं.

बारा तारखेला हातानाका पेपर वाचत होते. तोंड पेपराआड. तेरा तारखेला पाठमोरे. चौदाला नूडल्सची वाफ. मग मफलर, मग छत्री, मग पुन्हा पेपर. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. पहिल्या जानेवारीला ते शेजाऱ्यापुढे वाकले होते आणि आपल्याला फक्त टक्कल दिसत होतं. बायको रोज दिसत होती, मांजर रोज दिसत होतं. बारा ऑक्टोबरपासून हातानाकांना चेहरा नव्हता.

रोज हे पान मीच तपासत होतो. कानामात्रा तपासत होतो.

घरी आलो. दुसऱ्या वाडग्यातला भात गरम केला आणि खाल्ला. मग सुमिच्या फोटोखालचा खण उघडला. डिसेंबरच्या सुरुवातीला मी सगळ्यांना सुतकाची पत्रं पाठवली होती, घरी दुःख आहे, यंदा शुभेच्छांची कार्डं पाठवणार नाही, अशी. त्याला उत्तर म्हणून त्सुजिमुरांकडून उदबत्तीचा डबा आला होता, तोमिएवहिनींच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट. तेव्हा मी ती वाचली होती आणि खणात टाकली होती. आता पुन्हा वाचली.

‘सकाळी भात वाढताना हात दोन वाडग्यांकडे जातो. जाऊ द्यावा. मी आता हाताला रागावत नाही.’

मी माझ्या दोन वाडग्यांबद्दल कोणालाही सांगितलं नव्हतं. वहिनींनी माझ्याबद्दल लिहिलंच नव्हतं.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. मी प्रुफावर करतो तसं गाळलेल्या गोष्टींची यादी केली. पाइन, दोरखंड, गोल मोची आणि ‘शुभेच्छा’ हा शब्द. सूड घेणारा माणूस इतकं मोजकं पुसत नाही. विसरणारा माणूस थराखाली झाकत नाही. चित्रात सूप ठेवलं होतं, पतंग ठेवले होते, मांजराच्या गळ्यातली नवी फीत ठेवली होती. सुतक असलेल्या घरात जे करत नाहीत तेवढंच काढलं होतं. माझ्या स्वतःच्या दाराला यंदा पाइन नव्हती, म्हणून हातानाकांचं उघडं फाटक मला चुकीचं दिसलं नाही.

हातानाकांच्या घरात कोणी तरी गेलं होतं. बायको दिसत होती आणि मांजर दिसत होतं.

५

गुरुवारी दुपारी मी पुन्हा गेलो. या वेळी मी काही विचारलं नाही. पिशवीतून उदबत्तीचा डबा काढला, तोच, न फोडलेला, आणि म्हटलं, "वहिनी, हा मी अजून वापरला नाही. आत लावू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठल्या आणि सरकतं दार उघडलं.

आत सेन्सेईंचा फोटो होता, काळी फीत लावलेला. पुढे दिवा, पाण्याचा पेला. शेजारी त्यांचं उतरतं टेबल, त्यावर अर्धं काढलेलं हातानाकांचं घर आणि पांढऱ्या रंगाची बाटली.

"दोन ऑक्टोबर," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरगावच्या दवाखान्यात. तिथंच सगळं उरकलं. माझा भाऊ आणि मी. त्यांनी काढून ठेवलेली चित्रं अकरा तारखेपर्यंत पुरली. इथं कोणाला सांगितलं नाही."

मी उदबत्ती लावली आणि हात जोडले.

"चौकटींच्या रेघा मी लग्नापासून मारतेय. वीस वर्षं बायको आणि मांजर मीच काढतेय. त्यांना मांजर कधी जमलंच नाही, रताळं दिसायचं. शब्द पण कितीदा माझेच असायचे. फक्त हातानाकांचं तोंड ते कोणाला काढू द्यायचे नाहीत. मी खूप बसले. नाक जमतं, भुवई जमते. पण दोन्ही एकत्र आली की मला बघवत नाही. म्हणून हातात पेपर दिला."

"कचेरीत का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात मालिका बंद केली असती. आदरानं, काळी चौकट घालून. मग कुठं गेले असते ते?" त्यांचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता. "इथं तर नाहीतच. त्या घरात अजून सकाळी उठतात, पेपर वाचतात. मला तेवढं पुरत होतं. हवाहवासा आनंद असा नाही काही. पुरत होतं."

"आणि फाटकावरची पाइन?"

"गल्लीला कळू नये म्हणून विकत आणली आणि बांधली. काही वाटलं नाही हो. दोरखंड बांधताना समोरच्या बाईंशी हवापाण्यावर बोलले. पण कुसुमोतोकडून चित्र आलं, त्या फाटकावर पाइन बघितली, आणि मला ते पुढे पाठवता येईना. इथं खोटं बोलले. तिथं नाही बोलता आलं. बाजारात जाऊन बाटली आणली." त्यांनी टेबलावरची बाटली सरळ केली. "कोणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं होतं."

"माझ्या नाहीच आलं," मी म्हटलं.

त्या किंचित हसल्या. मग त्यांनी विचारलं, "उद्या कुसुमोतोला काढतील?"

"नाही. चूक मी पाहिली होती आणि जाऊ दिली, असं सांगेन. घरी सुतक आहे, डोकं ठिकाणावर नाही म्हणून. मला कोठारात टाकतील. तिथं शांतता असते. तुम्ही हातानाका चालू ठेवा."

निघताना मी मागे पाहिलं तर त्या टेबलाशी बसून पेन्सिल तासत होत्या.

६

शुक्रवारी दुपारी बांदोंच्या खोलीत मी माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"तुम्ही पाहिलंत आणि जाऊ दिलंत?" बांदो म्हणाले. "एकोणीस वर्षांत तुम्ही माझा एक स्वल्पविराम सोडला नाहीत. हे कोणाला सांगताय?"

तेवढ्यात दार वाजलं. तोमिएवहिनी आत आल्या. अंगावर काळा किमोनो, पाठीवर घराण्याचं चिन्ह. तो दुखवट्यालाच नेसतात, हे सांगायची गरज नव्हती. बांदो उभे राहिले.

वहिनींनी वाकून नमस्कार केला आणि सगळं सांगितलं, तारखेसकट. काहीच गाळलं नाही. कुसुमोतोचा आणि माझा दोष नाही, हे दोनदा म्हणाल्या. मग दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं.

"हे शेवटचं," त्या म्हणाल्या. "याच्यावर नाव माझं घाला, नाही तर कोणाचंच घालू नका. त्यांचं नको. हे त्यांनी काढलेलं नाही."

बांदोंनी पाकीट घेतलं. वहिनी गेल्या तेव्हा ते जिन्यापर्यंत पोचवायला गेले. परत येऊन त्यांनी पाकीट उघडलं.

सेन्सेई गेल्याची बातमी आणि ते चित्र शनिवारच्या अंकात जायचं ठरलं. सात तारीख होती ती, त्या दिवशी सगळे आपापल्या दारांवरची पाइन उतरवतात. संध्याकाळी पाचला प्रूफ मूळ चित्रासकट माझ्या टेबलावर आलं. पाठोपाठ बांदोही आले.

पहिल्या चौकटीत हातानाकांचं फाटक, आणि खांबावर शोकाचा कागद. दुसरीत जमिनीवर रिकामी बैठक, तिच्यावर मांजर. तिसरीत बायको भाताच्या भांड्यापाशी, हातात पळी. चौथीत बुटकं टेबल, आणि टेबलावर भरलेले दोन वाडगे. शब्द एकही नव्हता. चित्राखाली बारीक अक्षरात तोमिए एवढंच होतं.

बांदोंनी चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं.

"हे चुकलंय ना? दुसरा वाडगा. नैवेद्याचा म्हणावा तर तो फोटोपुढे असतो, जेवणाच्या काड्या भातात उभ्या खोचून. इथं काड्या आडव्या ठेवल्यात, जेवायला ठेवतात तशा. वाचक पुन्हा फोन करतील. कुसुमोतोला बोलावतो, पांढरा रंग लावून एक काढून टाकेल. तुम्ही काय म्हणता?"

मी मूळ चित्र खिडकीकडे धरलं. कुठंही पांढरा थर नव्हता. कुठंही तुकडा चिकटवलेला नव्हता. वहिनींनी ते एका झटक्यात काढलं होतं, आणि दुसऱ्या वाडग्यातून वाफ येत होती.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जूनमध्ये आलं नव्हतं, स्मशानात आलं नव्हतं. बांदोंनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मग मी लाल पेन्सिल घेतली, चौथ्या चौकटीच्या बाजूला लिहिलं, ‘बरोबर आहे, असंच ठेवा,’ आणि खाली माझा शिक्का मारला.